एका जुन्या सायझिंग प्रेसचं प्रकरण

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका छोट्या शेडमध्ये सिंटर केलेल्या, म्हणजे पूड दाबून भाजलेल्या, ब्राँझ बुशचं काम चालतं. मशीनचा शाफ्ट, म्हणजे फिरता दांडा, ज्या नळीत फिरतो तो बुश. कच्चे बुश बाहेरून येतात. इथे ते प्रेसवर दाबून मापात आणायचे, धुवायचे, निर्वाताच्या टाकीत तेल पाजायचं आणि पोचवायचे. गिऱ्हाईक मुख्यतः इचलकरंजीचं, कांडी मशीन आणि वाइंडिंग मशीन दुरुस्त करणारं. यंत्रमागाच्या गावात अशा बुशला मान आहे, कारण त्याला वरून तेल घालायची गरज फारशी पडत नाही. सुतावर किंवा कापडावर तेलाचा एक डाग पडला तरी मालाचा भाव उतरतो, हे तिथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

शेडच्या मालकांनी परगावच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून हवेवर चालणारा सायझिंग प्रेस आणि तेल पाजायची टाकी असा जोड जुन्यात घेतला. दिसायला मशीन धडधाकट. पण बसवल्यापासून माल परत यायला लागला. इचलकरंजीहून तीन तऱ्हेच्या तक्रारी होत्या. काही बुशमध्ये शाफ्ट जातच नाही, जाम होतो. काहींमध्ये जातो, पण फिरताना डुलतो. आणि काही बुश थोडे दिवस चालून कुंईकुंई आवाज करतात आणि तापतात. शेडमध्ये आणखी एक त्रास होता. बुश डायमध्ये, म्हणजे ज्या साच्यात तो दाबतात त्यात, अडकायचा आणि बाहेर निघताना त्याच्या अंगावर उभे ओरखडे उठायचे.

मला बोलावलं तेव्हा मालकांनी एकच विचारलं, "साहेब, हा प्रेस भंगारात घालू का रॅम नवा करू, तेवढं सांगून जावा."

दोन्हींची गरज पडली नाही. तरी हे प्रकरण मी सविस्तर लिहितोय, कारण जुनी मशिनं दुरुस्त करताना जे मला वारंवार दिसतं ते इथे फार स्वच्छ दिसलं. जुन्या मशीनमध्ये मूळ दोष थोडे असतात. त्या दोषांवर आधीच्या हातांनी केलेले उपाय जास्त असतात, आणि नव्या मालकाला छळतात ते बहुतेक हे उपायच.

बुश आणि प्रेस

ब्राँझची पूड साच्यात दाबून, तांबं वितळणार नाही इतक्या उष्णतेला, म्हणजे ८०० अंश सेल्सिअसच्या जरा वर भाजली की दाणे एकमेकांना धरतात, पण त्यांच्यामधली पोकळी तशीच राहते. नेहमीचा माल ९० टक्के तांबं आणि १० टक्के कथिल, बाजारात एसएई ८४१ म्हणून ओळखला जाणारा. तयार बुशच्या घनफळाचा साधारण १८ ते १९ टक्के भाग तेलाचा असायला हवा. शाफ्ट फिरून बुश तापला की तेल धातूपेक्षा जास्त फुगतं आणि बोअरच्या, म्हणजे आतल्या भोकाच्या, अंगावर येतं. शाफ्ट थांबला, बुश गार झाला, की बारीक छिद्रं ते परत ओढून घेतात. बुशचं सगळं आयुष्य या छिद्रांवर आहे. ती बुजली की उरतो नुसता ब्राँझचा तुकडा.

भट्टीत भाजताना बुशचं माप थोडं हलतं, म्हणून सायझिंग करावं लागतं. आपल्या प्रेसमध्ये खाली बोल्स्टरवर, म्हणजे जाड बैठकीवर, डाय बसलेली आहे. वरच्या रॅमला, म्हणजे खाली येऊन दाब देणाऱ्या भागाला, नळीसारखा पंच आहे आणि त्याच्या पोटातून कोअर रॉड जातो. बुश डायच्या तोंडावर ठेवायचा. कोअर रॉड आधी बुशच्या बोअरमध्ये शिरतो, मग पंच बुशला डायमध्ये ढकलतो. बाहेरून डाय आवळते, आतून कोअर रॉड धरतो, आणि दोन्ही मापं एकदम बसतात. मग खालचा इजेक्टर बुश वर उचलून देतो.

यात दोन बारकावे आहेत आणि सगळं प्रकरण त्यांच्याभोवती फिरलं. पहिला असा की कोअर रॉडचा होल्डर रॅमला घट्ट बांधलेला नसतो. दोन कडक चकत्यांच्या मध्ये त्याला सगळ्या दिशांनी केसाइतकं सरकायला मोकळीक ठेवलेली असते, म्हणजे डायचं केंद्र तो आपलं आपण शोधतो. दुसरा म्हणजे डायच्या तोंडाशी एक खाच आहे. बाजूच्या बाटलीतून तांब्याच्या नळीने आणि डाय होल्डरमधल्या बारीक छिद्रातून तेल त्या खाचेत येतं आणि प्रत्येक बुशला दाबण्याआधी पुसट तेल लागतं.

ड्रॉइंगवर बुश १६ मिलीमीटर लांब. बाहेरचा व्यास १६.०२८ ते १६.०४६, आणि हाउसिंगमध्ये, म्हणजे मशीनमधल्या बुशच्या घरात, ठोकण्याआधी बोअर १२.०१६ ते १२.०३४. हाउसिंगमध्ये बसल्यावर बोअर आवळतो आणि १२.००० ते १२.०१८ मध्ये यायला हवा.

माझ्याआधी काय काय झालं होतं

हे विचारण्यात मी बराच वेळ घातला आणि तो वेळ सगळ्यात जास्त कामी आला. शेडमध्ये वयाने मोठे फिटर आहेत, सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी एकेक गोष्ट न लपवता सांगितली.

बुश अडकायला लागले म्हणून हवेचा दाब ४ बारवरून ६ बारवर नेला. शाफ्ट जाम होतो म्हणून कोअर रॉड मोठा करून घेतला. तेही भागेना म्हणून उद्यमनगरातून नवी डाय करून आणली. जुनी डाय तोंडाशी झिजून कर्ण्यासारखी उघडली होती, तेव्हा डाय बदलणं योग्यच होतं, पण नव्या डायने जाम होणारे बुश काही कमी झाले नाहीत. बोल्स्टरच्या मागच्या कडेखाली पत्र्याची एक पातळ पत्री सापडली होती. मामांनी ती काढून पाहिली. "पत्री काढली की बुश जास्तच वाकडं येतंय, म्हणून परत घातली बघा."

आणि मशीनसोबत काळ्या मॉलिब्डेनम ग्रीसचा अर्धा डबा आला होता. आधीच्या ठिकाणी बुश अडकू नये म्हणून डायला ते ग्रीस लावत असणार, असं समजून इथेही लावणं चालू ठेवलं होतं.

मापांकडे वळण्याआधी एक गोष्ट थांबवली. प्रेस चालवायला दोन्ही हातांची दोन बटणं एकदम दाबावी लागतात, म्हणजे रॅम खाली येताना हात आत असू शकत नाहीत. त्यातलं एक बटण कुणीतरी चिकटपट्टीने कायमचं दाबून ठेवलं होतं, कारण अडकलेला बुश एका हाताने धरून दुसऱ्या हाताने रॅम मारायला सोपं पडतं. ती पट्टी आपण स्वतः लावलेली नाही, मशीन तसंच आलं, असं सगळे म्हणाले, आणि ते खरंही असेल. पण शिरोलीत, गोकुळ शिरगावात बोटं गेलेले प्रेस ऑपरेटर भेटले नाहीत असा माणूस या धंद्यात विरळा. पट्टी काढली, बटणांची वायरिंग तपासली, आणि दोन्ही बटणं चालल्याशिवाय प्रेसला हवा द्यायची नाही असं ठरलं. बुश अडकायचे थांबले की पट्टीची गरजही उरणार नव्हती, पण तोवर थांबण्याचा प्रश्नच नव्हता.

खूण केलेले बुश

शाफ्ट डुलतो याचा अर्थ बुशची भिंत एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ आहे. हा वाकडेपणा कच्च्या मालातून आलाय की प्रेसमधून, हे मशीन न उघडता कळू शकतं. मूठभर कच्चे बुश घेतले, प्रत्येकावर मार्करने एक रेघ मारली, आणि रेघ ऑपरेटरकडे तोंड करून दाबायला सांगितलं. मग गोल टोकाच्या मायक्रोमीटरने चारी बाजूंची भिंत मोजली. दोष कच्च्या मालात असता तर जाड बाजू रेघेच्या हिशेबाने कुठेही आली असती. इथे ती दर वेळी मागे डावीकडेच आली. म्हणजे दोष प्रेसचा.

पुढे कोअर रॉडचा होल्डर अर्धा फेरा फिरवून परत बसवला आणि तसेच बुश दाबले. जाड बाजू आता पुढे उजवीकडे गेली. म्हणजे दोष होल्डरबरोबर फिरतो. डाय किंवा रॅम वाकडा असता तर होल्डर फिरवून जाड बाजू हलली नसती.

होल्डर उघडला तेव्हा कारण समोरच होतं. दोन चकत्यांमधलं तेल वर्षानुवर्षं तापून डांबरासारखं घट्ट झालं होतं, आणि ज्याने मोकळं सरकायचं तो होल्डर एका बाजूला रुसल्यासारखा चिकटून बसला होता. हातोडीने न ठोकता डिझेलमध्ये रात्रभर भिजत ठेवला, चकत्या सुट्या केल्या, साफ केल्या, नवं पातळ तेल लावून बसवला. बोटाने ढकलला तरी हलायला लागला. कोअर रॉड काचेवर फिरवून पाहिला, तो सरळ होता.

वाकडेपणा निम्म्याच्या खाली आला, पण गेला नाही. उरलेली जाड बाजू आता कायम मागे यायची, होल्डर कसाही फिरवा. म्हणजे एकावर एक असे दोन दोष होते, आणि वरचा काढल्यावर खालचा दिसला.

रॅमला डायल, म्हणजे बारीक फरक दाखवणारा काट्याचा गेज, लावून डायचं बोअर फिरून पाहिलं. डायचं केंद्र रॅमच्या केंद्रापासून ०.०६ मिलीमीटर मागे होतं. रॅम हाताने पुढेमागे ढकलला तर डायलचा काटा ०.०८ मिलीमीटर हलायचा. रॅमला सरळ धरणारी गाईडची पट्टी झिजून रॅमला झोल आला होता. बोल्स्टरखालच्या पत्रीची गोष्ट इथे उलगडली. आधीच्या मालकाकडे रॅम झोलामुळे कलला. त्याची पट्टी आवळायच्या ऐवजी कुणीतरी डायलाच पत्री घालून तितकंच कलतं केलं. त्याने डायचं केंद्र सरकलं. होल्डर मोकळा होता तोवर यातलं बरंचसं तो पोटात घालत होता. होल्डर चिकटला आणि सगळं बाहेर आलं.

म्हणूनच मामांनी पत्री काढल्यावर जास्त बिघडलं. पत्री चुकीची होती, पण ती झोलाला उत्तर म्हणून बसली होती. झोल तसाच ठेवून उत्तर काढलं तर काम बिघडणारच. अशा वेळी उपाय ज्या क्रमाने घातले गेले त्याच्या उलट्या क्रमाने काढत बसून चालत नाही. ज्या दोषासाठी उपाय घातला तो दोष आधी घालवायचा आणि मग उपाय काढायचा. आम्ही पहिल्यांदा गाईडच्या पट्टीचे बोल्ट आवळून झोल ०.०२ वर आणला, तेही रॅम पूर्ण खालपासून वरपर्यंत कुठेही आखडत नाही हे पाहून. मग पत्री काढली, बोल्स्टर साफ टेबलावर सपाट बसवला, डायल लावून डायचं केंद्र जुळवलं आणि शेवटी बोल्ट कसले. त्यानंतरच्या बुशमध्ये भिंतीचा जो फरक उरला तो कच्च्या मालाचा होता. रेघेच्या हिशेबाने तो कुठेही येत होता आणि गिऱ्हाइकाच्या मर्यादेत होता.

एक टोक सैल, एक टोक घट्ट

प्लग गेज, म्हणजे बोअर तपासायची मापाची दांडी, काही बुशमध्ये एका टोकाने जायचं आणि दुसऱ्या टोकाने नाही. हे झटपट सुटलं. बुशच्या वरच्या टोकाला मार्कर लावून दाबले, आणि सैल टोक नेहमी वरचंच निघालं. प्रेसचा स्टॉपर कधीतरी दुसऱ्याच मापाच्या बुशसाठी लावलेला होता, त्यामुळे १६ मिलीमीटरचा बुश पूर्ण आत जायच्या आधीच रॅम थांबायचा. वरचं टोक डायच्या सरळ भागात पोचायचंच नाही, तोंडाच्या उताराशी राहायचं. स्टॉपर खाली घेतला. हवेचा दाब ६ बारवर नेण्यामागे बुश अडकतो, पूर्ण आत जात नाही ही तक्रार होती. तो दाबाचा प्रश्न कधी नव्हताच. दाब परत ४ बारवर आणला.

शाफ्ट जाम का होत होता

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण इथे पैसे वाया गेले होते आणि कुणाच्याही हातून जातील असे गेले होते.

बोअर घट्ट म्हटलं की माणूस कोअर रॉडकडे पाहतो. पण शेडमध्ये मोजलं तर बोअर १२.०३ च्या आसपास, म्हणजे ड्रॉइंगमध्ये बसणारा. इचलकरंजीत बुश हाउसिंगमध्ये ठोकला की जाम. असं असेल तर बाहेरचा व्यास पाहायला हवा. पातळ भिंतीचा सच्छिद्र बुश हाउसिंगमध्ये दाबून बसवला की बाहेरून जितका आवळला जातो, जवळजवळ तितकाच त्याचा बोअर लहान होतो.

बाहेरचा व्यास आला १६.०५५. नवी डाय १६.०४० ला केलेली होती, ड्रॉइंगच्या पट्ट्यात अगदी व्यवस्थित. पण दाबलेला ब्राँझ डायच्या बाहेर आला की थोडा फुगतो. इथे तो १५ मायक्रॉन, म्हणजे ०.०१५ मिलीमीटर, फुगत होता. म्हणजे डाय ड्रॉइंगच्या मापाला करायची नसते, ड्रॉइंगमधून फुगवटा वजा करून करायची असते. आणि फुगवटा किती ते पुस्तकातून घेता येत नाही. भिंतीची जाडी, कच्च्या मालाची घनता, किती आवळतो यावर तो बदलतो. आपल्याच डायमधून आपलेच बुश काढून तो मोजावा लागतो. उद्यमनगरातल्या कारागिराने सांगितलेलं माप चोख दिलं होतं, त्याचा काही दोष नव्हता.

फुगवटा आता माहीत होता. कार्बाइडची डाय १६.०२२ ला करायला दिली. ती येईपर्यंत पहिल्या डायवरचं काम बंद ठेवलं, कारण भोक मोठं झालेली डाय घासून लहान होत नाही. कोअर रॉडवरून सुटल्यावर बोअरचा फुगवटा खूप कमी निघाला, ६ मायक्रॉनच्या आसपास, म्हणून रॉड १२.०२० चा ठेवला. मालकांनी मोठा करून घेतलेला रॉड गरजेचा नव्हता, पण तो खराबही नव्हता. त्याला घासून या मापाला आणता आलं.

यापुढे बुश नुसता सुटा मोजून पाठवायचा नाही असंही ठरलं. बिडाची एक कडी घेतली, तिचा बोअर १६.०१० ला होन केला, आणि दर लॉटमधला एक बुश गुळगुळीत पिनवर चढवून तिच्यात दाबायचा. मग त्याचा बोअर मोजायचा. इचलकरंजीत काय घडणार ते शिरोलीतच कळतं. गिऱ्हाइकांनाही तसली पिन करून दिली, कारण हातोडीने थेट बुशच्या तोंडावर ठोकणं अजून बऱ्याच ठिकाणी चालतं. बुश बसवल्यावर रीमर मारू नका, हेही सांगून ठेवलं. रीमरने बोअर मापात येतो खरा, पण धातू छिद्रांवर लिंपला जातो आणि तेलाची वाट बंद होते.

तेलाची वाट आणि काळं ग्रीस

ओरखड्यांचं कारण तेल न येणं. बाटलीत तेल होतं, नळीत होतं, खाचेत नव्हतं. डाय होल्डरमधलं बारीक छिद्र ग्रीस आणि ब्राँझच्या भुकटीने गच्च भरलेलं होतं. तार घालून, डिझेल सोडून, हवा मारून ते मोकळं केलं. डायच्या भिंतीवर ब्राँझ चिकटून खडबडीत झालं होतं. ते बारीक हिऱ्याच्या पेस्टने, लाकडी दांड्याने, उभ्या दिशेने घासून काढलं. गोल फिरवून घासलं तर आडव्या रेघा पडतात आणि बुश त्या रेघांवरूनच अडकत जातो.

इथेही तीच साखळी. कधीतरी छिद्र तुंबलं, बुश अडकायला लागले. कुणीतरी वरून ग्रीस लावलं, आणि त्या ग्रीसने छिद्र कायमचं बंद केलं. मग ग्रीसशिवाय मशीन चालेचना.

पण ग्रीसने यापेक्षा मोठं नुकसान केलं होतं. मॉलिब्डेनमचे कण घन असतात. तेल धुतलं जातं, ते धुतले जात नाहीत. दाबाखाली ते बुशच्या छिद्रांत ठासले जातात. एक बुश करवतीने कापून भिंगाखाली पाहिला तर बाहेरच्या अंगाला काळा पापुद्रा दिसत होता. कुंईकुंई करणाऱ्या बुशचं कारण इथे असावं असा संशय आला, पण टाकीही त्याला जबाबदार असू शकत होती. दोघांचा वाटा वेगळा काढायला वजनाचा आधार घेतला.

आपल्या बुशचं घनफळ सुमारे १.४ घनसेंटीमीटर. त्याचा १८ टक्के म्हणजे पाव घनसेंटीमीटर तेल. तेलाची घनता ०.८७ धरली तर ०.२२ ग्रॅम. बुश स्वतः सुमारे ९ ग्रॅमचा, म्हणजे साध्या काट्यावर हा फरक दिसणार नाही. गुजरीतले सराफ वापरतात तसला बारीक काटा आणला, बुशवर नंबर टाकले, आणि प्रत्येक बुश तेलाआधी आणि तेलानंतर तोलला. ग्रीस लावून दाबलेले बुश ०.१२ ग्रॅम तेल पीत होते. प्रेसवर न गेलेले कच्चे बुश त्याच टाकीत ०.१७ पर्यंत. कच्च्या बुशमध्ये पोकळी थोडी जास्तच असते, तरी तेही ०.२२ गाठत नव्हते. म्हणजे ग्रीस दोषी होतं आणि टाकीही दोषी होती.

टाकीचा काटा

टाकीवरचा निर्वाताचा गेज ७४० मिलीमीटर दाखवत होता, आणि सगळे त्यावर खूश होते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाबच पाऱ्याच्या ७१० मिलीमीटरच्या जवळपास असतो. टाकीतली हवा शेवटच्या कणापर्यंत काढली तरी कोल्हापुरात गेज ७४० दाखवू शकत नाही. काटा ७४० वर आहे एवढ्यावरूनच गेज खोटा आहे हे ठरतं, दुसऱ्या पुराव्याची गरज नाही. झाकण उघडून पाहिलं तर काटा शून्यावर यायलाच तयार नव्हता.

चांगला गेज लावल्यावर खरा निर्वात ५०० च्या आसपास निघाला. झाकणाचं रबर वाळून कडक झालं होतं, आणि पंपातलं तेल दुधाळ, म्हणजे त्यात पाणी. पावसाळ्यातल्या कोल्हापुरी दमट हवेत हे सहज होतं. रबर बदललं, पंपाचं तेल बदललं, गेज ६८० च्या वर स्थिरावला.

कामाच्या पद्धतीतही एक चूक होती. बुश गरम तेलात बुडवून निर्वात द्यायचे, बुडबुडे थांबले की हवा सोडायची आणि जाळी लगेच वर काढायची. तेल बुशमध्ये शिरतं ते निर्वात असताना नाही, हवा परत सोडल्यावर. बाहेरचा दाब तेलाला रिकाम्या छिद्रांत ढकलतो. नेमक्या त्या क्षणी बुश तेलाबाहेर काढले तर छिद्रांत हवाच परत जाते. आता हवा सोडल्यावर जाळी तेलात तशीच राहू देतात, घाई करत नाहीत. तेल ८० अंशांच्या आसपास ठेवतात, म्हणजे पातळ होऊन नीट शिरतं. प्रेसच्या बाटलीत तीव्र गंधकाचं कटिंग ऑइल कधीच घालायचं नाही, त्याने ब्राँझ काळवंडतो.

कच्चे बुश आणि स्वच्छ प्रेसवरचे बुश परत तोलले. दोन्ही ०.२२ च्या वर गेले. ऑपरेटरसाठी रोजची साधी चाचणी ठेवली. तयार बुश गरम तव्यावर जरा वेळ ठेवायचा आणि बोअरच्या आतल्या अंगावर तेलाचे दाणे सगळीकडे सारखे फुटतात का ते बघायचं. कुठे कोरडा पट्टा दिसला तर लॉट थांबवायचा.

ग्रीस लागलेले जुने बुश डिझेलने, पेट्रोलने धुऊन पाहिले. वजन सुधारलं नाही, कण आतच राहिले. मालकांना ते टाकवत नव्हते, आणि ते समजण्यासारखं आहे, माल बराच होता. पण ते बुश इचलकरंजीला गेले असते तर पुन्हा तीच कुंईकुंई आणि पुन्हा तेच नाव खराब. सगळा माल ब्राँझच्या भंगारात गेला. काळ्या ग्रीसचा डबा शेडबाहेर ठेवला.

सध्याची स्थिती

कार्बाइडची डाय आली, पहिल्या लॉटचा बाहेरचा व्यास १६.०३६ ते १६.०३९ मध्ये बसला, आणि बिडाच्या कडीत दाबल्यावर बोअर १२.००५ च्या आसपास. प्रेस तोच आहे, रॅम तोच आहे, दाब ४ बारवर आहे. एकूण खर्चात सगळ्यात मोठा आकडा डायचाच, आणि ती डाय तशीही लागणार होती.

एक काम बाकी आहे. गाईडची पट्टी आवळून झोल आटोक्यात आला असला तरी ती एकसारखी झिजलेली नाही, मधल्या भागात जास्त झिजली आहे. खंडेनवमीच्या आधी शेड बंद ठेवून ती स्क्रेप करून घ्यायची आहे. तोवर आठवड्याच्या पहिल्या पाळीला मामा डायल लावून रॅमचा झोल बघतात आणि वहीत लिहितात. तो ०.०३ च्या वर गेला तर पट्टी आवळायची, बोल्स्टरखाली काही घालायचं नाही. मागच्या नोंदीत तो ०.०२ होता.